एक किलो आठशे ग्रॅम

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बडोद्याला दांडिया बाजाराजवळ राहणारी चौतीस वर्षांची एक मैत्रीण लिहिते, "आम्ही दोघी बहिणी जुळ्या. जन्मले तेव्हा मी एक किलो आठशे ग्रॅम होते आणि माझ्याहून बारा मिनिटांनी मोठी ताई दोन किलो चारशे. थकवा आणि केस गळणं फार वाढलं म्हणून मार्चमध्ये रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढणारं संप्रेरक) ८.६ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) खूप वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, हाशिमोटो, म्हणजे शरीरच आपल्या थायरॉइडवर उलटतं, आणि ५० मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी सुरू केली. ताईला काही नाही. कमी वजनाच्या बाळांना पुढे थायरॉइडचा असा त्रास होतो असं मी वाचलं होतं, ते जेवताना आईसमोर बोलून गेले. तेव्हापासून तिचं एकच चालू आहे : 'माझ्याच पोटात तुला कमी पडलं.' त्या वेळी तिनं संकष्टी आणि गुरुवार सोडले नव्हते, शाळेची नोकरीही सातव्या महिन्यापर्यंत केली होती. ते सगळं आता ती उगाळत बसते. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तीही जन्मताना दोन किलो शंभरच होती. तिलाही हे होणार का? दुसऱ्या मुलाचा विचार होता, तो सोडून देऊ का? आणि आईला काय सांगू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. "ताईला काही नाही." हे कशावरून? तिचं टीएसएच कुणी पाहिलंय का? अँटी-टीपीओ? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ताई धावपळ करते, केस दाट आहेत, दमत नाही, म्हणून तिला काही नाही असं घरात सगळ्यांनी धरून चालवलेलं दिसतंय. मागच्या वर्षी तुझ्याबद्दलही घरचे हेच म्हणत असतील. आणि तुझी सगळी मांडणी त्या एका वाक्यावर उभी आहे. दोघी एका पोटातल्या, एकीला आजार, दुसरीला नाही, दोघींत फरक सहाशे ग्रॅमचा, म्हणून दोष त्या सहाशे ग्रॅमचा. ताईचा रिपोर्ट हातात नसताना हे गणित मी तरी मांडणार नाही.

तू जे वाचलंस ते मात्र हवेतलं नाही. त्यामागे एक जुनी वही आहे, तिची गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्यसेविकाप्रमुखांनी एक शिस्त लावली. सुईणीनं प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन लिहायचं, मग वर्षभर आरोग्यसेविकेनं त्या घरी जायचं, बाळ अंगावर पितंय का ते बघायचं आणि वर्ष भरलं की पुन्हा तोलायचं. हे सगळं खतावणीसारख्या मोठ्या वह्यांत शाईनं उतरलं. काही दशकांनी डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांच्या हाती त्या वह्या लागल्या आणि त्यातली बाळं, तोवर म्हातारी झालेली, शोधून काढायला सुरुवात झाली. जन्मतःच हलक्या असलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले. मग डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वह्यांतल्या, साठी ओलांडलेल्या सुमारे तीनशे बायकांचं रक्त तपासलं. १९९३ साली त्यांनी मांडलं की जन्माचं वजन जितकं कमी, तितक्या थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी अधिक बायकांत सापडतात. तुझ्या वाचनात आलं ते बहुधा इथूनच निघालेलं.

पुढची गोष्ट सरळ नाही, आणि ती तुझ्यासाठीच जास्त महत्त्वाची, कारण ती जुळ्यांची आहे. एकाच पोटातली, एकाच वयाची, एकाच ताटातलं जेवलेली दोन माणसं, आणि वजनं मात्र वेगळी. असा पडताळा दुसरीकडे कुठे मिळायचा? ब्रिटनमधल्या जुळ्यांवरचा अभ्यास २००२ मध्ये आला. एकसारख्या, म्हणजे एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांतल्या हलक्या जुळ्यात टीपीओ अँटीबॉडी जास्त दिसल्या. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची देशभराची नोंद ठेवलेली आहे. तिथल्या संशोधकांनी २००० मध्ये थायरॉइडचा उघड आजार आणि २००६ मध्ये नुसत्या अँटीबॉडी असं दोन्ही तपासलं, आणि जन्माच्या वजनाशी संबंध सापडला नाही असं लिहिलं. त्याच २००६ मध्ये हेलसिंकीत १९३४ ते १९४४ या काळात जन्मलेल्या बायकांच्या नोंदींतून उलट निघालं : जन्मतः आणि बालपणी लहानखुऱ्या असलेल्यांत पुढे थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त.

इतकी वर्षं असं हो-नाही चाललं असेल तर मी त्यातून एवढंच काढते की परिणाम असलाच तर लहान आहे. मोठा असता तर डेन्मार्कच्या जुळ्यांत लपून राहिला नसता. आईच्या पोटात वाढ खुंटली की बाळाची थायमस ग्रंथी, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे पांढऱ्या पेशींना शिकवणारी शाळा, लहान राहते आणि पुढे चूक होते, असं एक स्पष्टीकरण देतात. पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही.

आता याच्या शेजारी वारशाचा आकडा ठेव. डेन्मार्कच्याच नोंदीत, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याच्या कारणानं थायरॉइड मंदावण्याचा उघड आजार असेल, तर सुमारे ५५ टक्के जोड्यांत तो दुसऱ्यालाही होता. दिसायला वेगळ्या, म्हणजे दोन स्वतंत्र बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांत अशी एकही जोडी सापडली नाही. याचा अर्थ रक्ताचं नातं वजनाच्या काट्याहून कितीतरी जास्त बोलतं. आणि दुसरा अर्थ असा की अगदी तेच जनुकं असूनही जवळजवळ निम्म्या जोड्यांत एक सुटतो. वय, बाळंतपण, आयोडीनचं प्रमाण, एखादा संसर्ग, आणि बरंचसं निव्वळ नशीब, यांचाही त्यात हात असतो.

म्हणून ताईला विचार, तुम्ही एकसारख्या आहात का? शाळेत बाई दोघींत गोंधळायच्या का? तसं असेल तर ताईनं टीएसएच आणि अँटी-टीपीओ एकदा तरी करून घ्यावं, मूल हवं असेल तर त्याआधी नक्की. नसाल एकसारख्या, तरी सख्खी बहीण म्हणून टीएसएच करावंच. समजा ताईच्या अँटीबॉडी निघाल्या आणि टीएसएच ठीक आलं, तर घाबरू नका. इंग्लंडमधल्या व्हिकॅम गावात एकाच वस्तीतल्या लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. नुसत्या अँटीबॉडी असलेल्या बायकांत वर्षाला साधारण दोन टक्क्यांचं थायरॉइड मंदावत गेलं, अँटीबॉडी आणि वाढलेलं टीएसएच दोन्ही असलेल्यांत चार टक्क्यांहून थोडं जास्त. म्हणजे ताईनं वर्षाकाठी एकदा रक्त द्यायचं आणि बाकी वर्षभर हा विषय डोक्यातून काढून टाकायचा. आपल्याकडे आठ शहरांत झालेल्या मोठ्या पाहणीत, ज्यात अहमदाबादही होतं, पाच हजारांहून जास्त प्रौढांपैकी जवळपास २२ टक्क्यांत या अँटीबॉडी होत्या आणि थायरॉइड मंदावलेले होते सुमारे ११ टक्के. इतक्या सगळ्यांचं जन्माचं वजन कमी थोडंच असणार!

त्या १.८ या आकड्याबद्दलही मला बोलायचंय. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर बाळं तोलली आहेत. जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर शंभर ग्रॅम इकडचे तिकडे सहज व्हायचे, आणि घरात सांगितलं जाणारं वजन दरवर्षी थोडं बदलत जातं. तुझ्याकडे डिस्चार्ज कार्ड आहे का, की ही आईची आठवण? कार्ड असेल तर त्यावर किती आठवड्यांची बाळं तेही बघ. जुळी बहुधा लवकर येतात आणि एकट्या बाळापेक्षा हलकीच असतात, त्यामुळे जुळ्यातलं १.८ आणि पूर्ण दिवस भरलेल्या एकट्या बाळाचं १.८ या दोन वेगळ्या गोष्टी. लवकर येणं आणि पोटात नीट न वाढणं हेही वेगळं. स्वीडनमधल्या तरुणांच्या नोंदींत थायरॉइडच्या गोळीचा संबंध दिवस भरण्याआधी जन्मण्याशी दिसला, गर्भाच्या वाढीचा हिशेब वेगळा काढूनही दिसला. अर्थात गोळी घेणारा प्रत्येक जण हाशिमोटोचाच असतो असं नाही.

आता आई.

तिला आकडे सांगू नकोस. तिच्याजवळ बस आणि एक साधी गोष्ट विचार : आई, संकष्टीच्या उपासाला ताई वेगळ्या पोटात होती का? गुरुवार दोघींचे एकत्रच झाले. शाळेत उभं राहून शिकवलं ते दोघींना पोटात घेऊन. ताई दोन किलो चारशे झाली त्याच पोटात, त्याच अन्नावर. उपासानं वजन घटलं असतं तर दोघींचं घटलं असतं. जुळ्यांतल्या एकीला कमी मिळतं ते बहुतेक वेळा वारेच्या (प्लॅसेंटाच्या) वाटणीमुळे. वारेचा किती भाग कुणाच्या वाट्याला आला, नाळ मधोमध जोडली गेली की कडेला, हे पहिल्या काही आठवड्यांत ठरून जातं. ते आईच्या हातात नसतं, डॉक्टरांच्याही नाही. गरोदरपणी कडक उपास करू नयेत असं मी प्रत्येक सुनेला आणि तिच्या सासूला सांगत आले आहे आणि सांगत राहीन. पण तुझ्या सहाशे ग्रॅमचा हिशेब त्या उपासांच्या नावावर टाकायला मी तयार नाही.

आणखी एक शक्यता आहे. ती मी जपून मांडते, कारण ती आईला नव्या दोषासारखी वाटायला नको. आईचं स्वतःचं थायरॉइड कधी तपासलंय? गरोदरपणी थायरॉइड मंद असेल आणि उपचार नसेल तर बाळ हलकं होण्याची शक्यता वाढते. पुढे तेच बाळ आईकडून जनुकंही घेतं. मग तीस वर्षांनी मुलीला हाशिमोटो झालं की सगळे जन्माच्या वजनाकडे बोट दाखवतात. खरं तर वजन आणि आजार दोन्ही एकाच मुळातून आलेले असू शकतात. नोंदवह्यांतून निघालेल्या अभ्यासांत हे वेगळं काढणं अवघड जातं, आणि म्हणूनही मी त्यांच्याकडे जरा राखून बघते. तुझी आई साठीच्या पुढची असणार. दिवसभर उदास बसते, उगाळत राहते, असं तू लिहितेस. तिला थंडी जास्त वाजते का? पोट साफ होत नाही? आवाज जड झालाय? हे सगळं वयावर ढकललं जातं. तिचं टीएसएच कर. त्या वेळी, तुम्ही पोटात असताना, तिचं तपासलं नसेल तर त्यात तिची काही चूक नाही, तेव्हा ती तपासणी सर्रास होत नव्हती. निघालंच काही तर एक गोळी आहे, आणि कदाचित तिच्या उदासीचा थोडा भाग त्या गोळीनं हलका होईल. रिपोर्ट स्वच्छ आला आणि उदासी तशीच राहिली, तर मात्र तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला संकोचू नकोस.

एक किलो आठशेचं बाळ तीसेक वर्षांपूर्वी घरी आणून वाढवणं म्हणजे काय हे तुला कुणी सांगितलंय का? रात्री दर दोन तासांनी उठायचं, ओढायला ताकद नसलेल्या बाळाला वाटी-चमच्यानं काढलेलं दूध थेंबाथेंबानं द्यायचं, पाय गार लागले की छातीशी धरून बसायचं, आणि शेजारी दुसरं बाळ रडतच असायचं. अशा आया मी खूप पाहिल्या आहेत. वॉर्डच्या पायरीवर बसून डोळे मिटत असायचे, तरी वजन किती वाढलं ते विचारायच्या. आईला ते दिवस विचार. काय कमी पडलं हे ती गेले कित्येक दिवस आठवतेय. काय केलं हेही तिला आठवू दे.

मुलीचं सांगते. सात वर्षांची आहे, शाळेत जाते, म्हणजे जन्मजात थायरॉइड नसण्याचा जो गंभीर प्रकार असतो त्याची भीती मागे पडली. तो आजार हाशिमोटोपेक्षा वेगळाच. (इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट : हलक्या आणि लवकर जन्मलेल्या बाळांत पहिल्या आठवड्यातली, टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉइडची चाचणी ठीक येऊनही टीएसएच उशिरा वाढू शकतं, म्हणून अशा बाळांची आणि जुळ्यांची चाचणी दोनेक आठवड्यांनी पुन्हा करायला डॉक्टरांना आठवण द्या.) तुझ्या लेकीच्या बाबतीत तिच्या दोन किलो शंभरपेक्षा तिची आई हाशिमोटोची आहे ही माहिती जास्त कामाची. तिच्या अँटीबॉडी आत्ता करू नकोस. आल्या तरी उपचार काही नाही, फक्त घरात आणखी एक काळजी. तिची उंची मात्र दर सहा महिन्यांनी दारामागे पेन्सिलीनं खूण करून मोज. मुलांचं थायरॉइड मंदावलं की बऱ्याचदा आधी उंची अडते आणि वजन वाढत राहतं. उंची रेंगाळली, गळ्यापुढे सूज दिसली, मलावरोध किंवा सुस्ती वाढली, तर टीएसएच करायचं. तोवर तिला कमाटीबागेत पळू दे.

जन्माच्या कमी वजनाचा खरा, भक्कम संबंध ज्याच्याशी आहे ते दुसरंच आहे आणि त्याकडे लक्ष दे असं मी तुम्हा दोघींनाही सांगेन. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, हातापायांनी बारीक, पण चरबी राखून असलेली. अशा शरीरांत पुढे मधुमेह लवकर शिरतो. थायरॉइडसाठी वर्षाला रक्त देशील तेव्हा साखर आणि रक्तदाबही बघून घे.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडू नकोस. हाशिमोटो असलेल्या बायकांना निरोगी मुलं होतात, रोज होतात. फक्त क्रम पाळ. आधी टीएसएच आटोक्यात, साधारण २.५ च्या खाली, आणि मगच प्रयत्न. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते तुझ्या थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉइडमध्ये बनणाऱ्या संप्रेरकावर वाढतं. त्यामुळे दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नकोस. बहुतेक जणींचा डोस पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं वाढवावा लागतो. स्वतःहून गोळी बंद करणारी एक तरी मुलगी मला दरवर्षी भेटते, "बाळाला औषध नको" म्हणून. ते औषध नाही गं, तुझ्या गळ्यात जे बनायचं तेच बाहेरून घेतोय आपण.

गोळीबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी विचारते : चहाबरोबर घेतेस का? बडोद्यात सकाळचा चहा कुणी सोडत नाही हे ठाऊक आहे. गोळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासानं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील (केस गळतात म्हटलंस म्हणून विचारते) तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद कर, त्यांनी थायरॉइडचे आकडे खोटे येतात. घरात सैंधव मीठ सुरू झालं असेल तर रोजच्या स्वयंपाकात पुन्हा साधं आयोडीनयुक्त मीठ आण, विशेषतः मूल हवं असताना. उलट आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मुळीच नकोत, जास्त आयोडीननंही हा आजार चाळवतो.

गोळी सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाले असतील तर तुझं टीएसएच पुन्हा करायची वेळ झालीच आहे. गणपतीत ताई घरी येत असेल तर तेव्हाच तिघींनी एकत्र जा, तू, ताई आणि आई. टीएसएचला उपाशी राहावं लागत नाही, साखर बघायची असेल तरच राहा. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घे. मग आईला घेऊन सेव-उसळ खायला जा, आणि तिघींचे रिपोर्ट आले की मला लिही. ते डिस्चार्ज कार्ड सापडलं तर तेही कळव.

तुझी
डॉक्टरमावशी